पालथा डबा

इंजिन होतं तोवर मिस्त्रीला मान होता, असं गावात पुष्कळजण म्हणत. खरं सांगायचं तर मान नव्हता, गरज होती. पण गरजेलाच मान समजून माणूस सुखानं जगू शकतो, आणि मिस्त्री बत्तीस वर्षं तसा जगला.

विहीर तिघांच्या सामाईकीत होती. एक वाटा मिस्त्रीचा, एक त्याच्या धाकट्या भावाचा आणि एक त्यांच्या मयत चुलतभावाच्या बायकोचा. ही वहिनी माळाच्या कडेला एकटीच राहायची, म्हणून तिला सगळे माळावरची वहिनी म्हणत. विहिरीच्या काठावर पत्र्याच्या खोपटात डिझेलचं इंजिन होतं आणि ते चालवायचं काम मिस्त्रीकडे. हँडल मारणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. धाकट्यानं एकदा हौसेनं मारलं, तर ते उलटलं आणि त्याला मनगट महिनाभर गळ्यात अडकवून फिरावं लागलं. मिस्त्री दोन गिरक्यांत इंजिन जागं करायचा, मग पाळी कुणाचीही असो.

पाळीची रीत साधी होती. पत्र्याचा एक डबा होता, कडेला चेपलेला, तिघांचा मिळून एकच. ज्याची पाळी त्यानं तो डबा आपल्या डिझेलनं काठोकाठ भरून आणायचा आणि टाकीत ओतायचा. टाकीचा तळ दिसायला लागला की मिस्त्री इंजिन बंद करायचा, पाळी संपली. मग डबा विहिरीच्या चौथऱ्यावर पालथा घालायचा. पालथा डबा दिसला की पुढच्यानं समजायचं, उद्या आपण. एका डब्यात विहिरीचं पाणी चार पायऱ्या उतरायचं आणि रात्रीतून पाझरांनी पुन्हा चार पायऱ्या चढायचं. हे कुणी मोजून ठरवलेलं नव्हतं. विहीर खणणाऱ्यांच्या वेळेपासून ते तसंच जमत आलं होतं, आणि जमतंय त्याची चौकशी कोण करतो?

इंजिनाचा आवाज मिस्त्रीच्या घरापर्यंत जायचा. तो थांबला की त्याची बायको तवा चुलीवर ठेवायची. हातपाय धुऊन, हाताचं तेल चिंधीला पुसून तो घरी पोचेपर्यंत ताट वाढलेलं असायचं. तिनं त्याला कधी विचारलं नाही की आज यायला किती वाजतील. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती गेल्यावरही इंजिन बंद करताना दर वेळी मिस्त्रीच्या मनात यायचं, आता तवा ठेवला असेल. मग घरी जाऊन तो स्वतःच ठेवायचा.

सोलर पंप आला तो मागच्या हिवाळ्यात. धाकट्यानं अर्ज केला, कागद केले, खेटे घातले. मिस्त्रीची मुलगी लांब दिलेली होती, तिनंही फोनवरून लकडा लावला. मिस्त्रीचा खोकला आता साधा राहिला नव्हता. सकाळी चूळ भरताना त्याच्या तोंडातून काळं यायचं. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडासमोर धरून विचारलं होतं, काय ओढता? मिस्त्री म्हणाला, काही नाही, इंजिन. मुलगी ते ऐकून फोनवर रडली होती. मग मिस्त्रीनं सही दिली.

बारा प्लेटा बसल्या. त्यांच्यावर सावली पडते म्हणून विहिरीवरची तीन तुतीची झाडं तोडली. त्यातल्या मोठ्या तुतीखाली मिस्त्री बत्तीस वर्षं इंजिनाची राखण करत बसला होता. झाडं आडवी होताना तो घरीच राहिला. एक प्लेट उतरवतानाच तडकली, तिच्या जागी नवी आली आणि तडकलेली खोपटामागं टेकवून ठेवली. ती फोडू नका, पुरू नका, जाळू नका, एवढं फिटर सांगून गेला. मग करायचं काय, ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्या फिटरनं जाता जाता एक प्रश्न विचारला होता, आणि पुढचं सगळं रामायण त्या प्रश्नातून झालं. हातात वही घेऊन त्यानं विचारलं, पाणी वाटता कसं? धाकट्यानं मिस्त्रीकडं बोट केलं, हे आमचे मिस्त्री, यांना विचारा. मिस्त्री म्हणाला, एकेका डब्याची पाळी. फिटर हसला. हसणं वाईट नव्हतं, पोरवयाचं होतं. तो म्हणाला, काका, आता डबा कसला, आता सूर्य. मग तासांत सांगा. मिस्त्रीला तासांत सांगता येत नव्हतं. एका डब्याला तास किती लागतात, हा पंप इंजिनाच्या मानानं पाणी किती ओढतो, हे विचारायला हवं होतं. पण चारचौघांत, आपल्याच विहिरीवर, आपल्याला कळत नाही हे कोण बोलून दाखवणार? त्यानं रुबाबात सांगून टाकलं, एक दिवस एकाचा. फिटरनं ते वहीत उतरवून घेतलं.

डबा होता तेव्हा दिवस दुपारीच संपायचा. आता तो सूर्य मावळेपर्यंत पुरायला लागला.

आता उन्हाळा तोंडावर आला होता. मिस्त्री रोज सकाळी विहिरीत डोकावून पायऱ्या मोजायचा. एकूण चोवीस पायऱ्या. एरवी या दिवसांत पाणी बाराव्या पायरीला असायचं. त्या सकाळी ते बाविसाव्या पायरीला होतं. खाली शेवाळलेल्या कपारीत एक बेडूक बसला होता. एवढ्या खाली आपण का आलो हे त्यालाही कळत नसावं.

त्या दिवशी माळावरच्या वहिनीची पाळी होती. ती खांद्यावर फावडं टाकून आली, पदर कमरेला खोचलेला, पायात तिच्या नवऱ्याच्या जुन्या वहाणा. तिचा अर्धा एकर कांदा होता. पात अजून हिरवी होती, गड्डे नुकते फुगायला लागले होते. दोन पाणी मिळाली असती तर कांदा हाती लागला असता. तिच्याकडं दुसरं पीक नव्हतं आणि दुसरं माणूसही नव्हतं.

तिनं बटण दाबलं. पंपाला आवाज असा नव्हताच. पाइपातून पाणी आलं, हौदात पडलं, पाटाला लागलं. वहिनी पाटाच्या कडेनं पाण्याच्या पुढं पुढं चालत गेली. पहिल्या वाफ्याला दारं फोडून पाणी आत घ्यायच्या आधीच पाइप घरघरला, फुसफुसला आणि थांबला. पंपाच्या पेटीवर लाल दिवा लागला. विहीर पंपाच्या तोंडाखाली गेली की तो आपसूक बंद पडायचा.

वहिनी परत आली. तिच्या पावलांना कोरडी माती लागली होती. ती हौदाच्या काठावर बसली. मिस्त्रीनं उगीच पेटीचं झाकण उघडून बंद केलं. मग तो म्हणाला की धाकट्यानं माळाची पडीक जमीन फोडून टोमॅटो लावलेत, परवा दिवसभर त्यानं पाणी ओढलं, विहीर काय करणार?

"परवा त्यांनी ओढलं," वहिनी म्हणाली, "आणि काल तुम्ही. काल संध्याकाळी तुमच्या बांधाबाहेर पाणी वाहत होतं, भावजी. मी ओलातून चालत घरी गेले."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मिस्त्रीला उत्तर देता आलं असतं. ती फावडं उचलून निघून गेली. मिस्त्री तिथंच बसून राहिला.

खरं होतं ते. काल त्याची वांगी दुपारीच भिजून झाली होती. पंप बंद करायला तो उठलाही होता. पण हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज चांगला वाटत होता. इंजिन बंद झाल्यापासून विहिरीवर तेवढाच एक आवाज उरला होता आणि घरी तोही नव्हता. म्हणून तो बसून राहिला होता. घरी लवकर जाऊन करायचं काय होतं? पाणी फुकटचं आणि सूर्य दुसऱ्याचा. एका म्हाताऱ्याला करमावं म्हणून विहीर उपसली गेली, हे त्याला आज वहिनीच्या कोरड्या पायांकडे पाहून कळलं. त्याला स्वतःचीच किळस आली.

दुपारनंतर धाकटा टोमॅटोच्या काठ्या घेऊन त्या वाटेनं चालला होता. मिस्त्रीनं त्याला हाक मारली. सावली कुठंच नव्हती, म्हणून दोघे प्लेटांच्या खाली, वाकून बसावं लागतं तिथं, उकिडवे बसले. धाकटा पन्नाशीला आलेला, अंगानं आडवा, बोलायला फटकळ. पण दोन वर्षं रोज संध्याकाळी त्याच्याच घरून मिस्त्रीला एक झाकलेलं ताट येत होतं, हेही विसरून चालणार नव्हतं.

मिस्त्रीनं विहिरीचं सांगितलं. धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की पाऊस कमी झाला, त्याला सोलर काय करणार? मिस्त्री म्हणाला, पाऊस याआधीही कमी झालाय, पण विहीर बाविसाव्या पायरीला कधी गेली नव्हती. डिझेल होतं तेव्हा माणूस हात राखून पाणी काढायचा. आता फुकट ते पौष्टिक. यावर धाकटा भडकला.

"तू नाकानं कांदे सोलू नकोस, दादा. तुझ्या इंजिनाचं तेल या पाण्यावर तरंगायचं. तेच पाणी आपण बत्तीस वर्षं प्यायलो. तुझी छाती आतून काळी झाली. वहिनी पण चुलीजवळ खोकायची आणि इथं भाकर घेऊन आली की धुरात खोकायची. ते बरं होतं का?"

वहिनी म्हणजे मिस्त्रीची बायको. तिचं नाव घरात बरेच दिवस कुणी काढलं नव्हतं.

"बरं नव्हतं," तो म्हणाला.

"मग?"

"इंजिन परत चालू कर असं मी म्हणत नाही. पण धूर दिसायचा, अरे. आज किती जाळलं ते कळायचं. आता काय संपतंय ते दिसतच नाही. ते खाली, पायऱ्यांवर संपतंय."

धाकट्यानं काठ्यांची मोळी खांद्यावर घेतली. टोमॅटोला फुलं धरलीत, तो म्हणाला, आता पाणी तोडलं तर फुलं झडतील. त्या जमिनीत त्यानं दोन महिने हाडं मोडलीत, दगड वेचलेत. पाणी कमी घे म्हणणं सोपं आहे, किती कमी ते सांग. माप काय?

हा प्रश्न मात्र खरा होता. माप काय? फिटरनं विचारलं तेव्हाच त्याचं उत्तर शोधायला हवं होतं.

डबा खोपटात इंजिनाच्या मागं पडला होता, आत कोळ्याचं जाळं. मिस्त्रीनं तो राखेनं घासला, दोनदा उकळत्या पाण्यानं धुतला, तरी डिझेलचा वास जाईना. तास लावून देणं सोपं होतं, पण वहिनीच्या पाळीला आभाळ आलं तर तेवढ्याच तासात तिला अर्धंच पाणी मिळणार. सूर्य सगळ्यांना सारखा नव्हता. त्यावर विचार करत मिस्त्री दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होता, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला जेवायची आठवण राहिली नाही.

आपल्या पाळीच्या दिवशी तो बायकोची सुयांची डबी घेऊन विहिरीवर गेला. हौदावर जिथं पाइप वाकतो तिथं त्यानं तापवलेल्या सुईनं पाइपाला भोक पाडलं आणि त्याखाली डबा ठेवला. पंप जोरात चालला तर धार जोरात, आभाळ आलं तर धार बारीक. जेवढं पाणी विहिरीतून जाईल त्या प्रमाणात डब्यात पडेल. पूर्वी डबा रिकामा झाला की पाळी संपायची, आता भरला की संपेल, एवढाच फरक.

पण पहिलं भोक फारच बारीक झालं. पाणी एक पायरी उतरलं तरी डब्याचा तळ जेमतेम झाकला होता. मग त्यानं पोती शिवायच्या दाभणानं भोक मोठं केलं, तर डबा घटकाभरात भरून वाहायला लागला. त्यानं काडीपेटीतल्या काडीचा तुकडा भोकात ठोकला, बाजूला दुसरं भोक पाडलं. पायऱ्या उतरायचा, पाण्याची रेघ बघायचा, पायऱ्या चढायचा, डब्यात बोटं घालायचा. चोवीस पायऱ्यांची ती चढउतर त्याच्या छातीला झेपणारी नव्हती. मध्येच तो अठराव्या पायरीवर बसून इतका खोकला की विहीर खोकतेय असं वाटावं. एकट्यानं खोकताना बरं असतं, पाणी आणू का म्हणून कुणी विचारत नाही, आणि वाईटही तेच असतं.

दुपारी दोन पायऱ्यांना डबा बरोबर अर्धा झाला, म्हणजे चार पायऱ्यांना एक डबा, पूर्वीसारखाच. मिस्त्री काठावर आला आणि आजूबाजूला बघितलं. सांगायला कुणी नव्हतं. त्यानं पंप बंद केला. त्याच्या वांग्याच्या सहा सऱ्या कोरड्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वहिनीच्या कांद्याचे दहा वाफे पाणी प्याले. पुरे नव्हतं, पण दहा वाफे होते. वहिनीनं डब्यात वाकून बघितलं, पाइपाकडं बघितलं आणि तिला सगळं एका नजरेत समजलं. ती फक्त एवढं म्हणाली, "धाकटे भावजी ऐकतील?"

धाकट्याला मिस्त्रीनं त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं. धाकटा हसला. म्हणाला, डब्याचं काय काढलंस, माझ्या हातात घड्याळ आहे ना.

"घड्याळ तुझं आहे," मिस्त्री म्हणाला. "डबा तिघांचा."

धाकट्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. बायकोसमोर झालेलं हे बोलणं धाकट्याला झोंबलं असावं. तो मान हलवून हो म्हणाला, पण ते हो खरं नव्हतं.

सकाळी धाकट्याची पाळी सुरू झाली. ऊन कडक होतं. जेवणवेळेच्या आधीच डबा भरून वाहायला लागला. मिस्त्री तुतीच्या खुंटावर बसून वाट बघत राहिला. पाणी पाटानं टोमॅटोकडं जात होतं आणि डब्यावरून ओघळून परत हौदात पडत होतं. त्यानं निरोप पाठवला नाही, हाक मारली नाही. बटणाला हात लावायचाही त्याला हक्क नव्हता, कारण दुसऱ्याच्या पाळीत यंत्राला हात लावायचा नाही ही रीत त्यानंच पाळली होती आणि पाळायला लावली होती. पण उन्हाला झाकायचं नाही अशी रीत कुणी घातलेली नव्हती.

तो घरी गेला. बायकोची पेटी उघडली. तिच्या धुऊन, घडी घालून ठेवलेल्या सहा चादरी होत्या, त्या त्यानं दोन वर्षांत अंगावर घेतल्या नव्हत्या. त्या काखेत मारून तो परत आला आणि एकेक चादर प्लेटांवर पसरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले. चौथ्या चादरीला पाण्याची धार बारीक झाली. सहाव्या चादरीला थांबली.

टोमॅटोच्या दुसऱ्या टोकाला पाणी यायचं बंद झालं तेव्हा धाकट्याला कळलं. तो चिखलाच्या पायांनी धावत आला. येताना वाटेत वहिनी भेटली असणार, कारण तीही त्याच्यामागं आली. निळ्या फुलांच्या चादरी प्लेटांवर वाळत घातल्यासारख्या दिसत होत्या. धाकटा दम खात उभा राहिला.

"हे काय आहे?" तो म्हणाला. "दादा, हे काय आहे? फिटरला कोण म्हणालं, एक दिवस एकाचा? मी म्हणालो? तूच म्हणालास. तुझ्या शब्दावर मी पड फोडली. मला वाटलं, दादाला सगळं कळतं. आता विहीर आटली तर चोर मी?"

मिस्त्री उभा राहिला. हे त्याला आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, आणि स्वतःशी त्यानं रोज म्हटलं होतं. वहिनी फावड्यावर हात ठेवून उभी होती. खाली बघून भागण्यासारखं नव्हतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "फिटरनं तास विचारले, मला सांगता आले नाहीत. कळत नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून तोंडाला आलं ते बोललो. आणि माझ्या पाळीला मी गरज नसताना पंप चालू ठेवला. पाण्याचा आवाज ऐकत बसलो होतो. घरी कुणी नसतं म्हणून."

धाकटा भांडायच्या तयारीनं आला होता आणि समोर भांडायला कुणी उरलं नव्हतं. त्यानं एकेक दगड बाजूला केला, एकेक चादर काढली. सहाही चादरींच्या घड्या घातल्या, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि मिस्त्रीच्या हातात दिल्या. मग त्यानं बटण दाबून पंप पुन्हा सुरू केला आणि मागं न बघता टोमॅटोकडं गेला.

वहिनी मागं राहिली. ती म्हणाली, चादरींना धूळ लागलीय, द्या, धुऊन देते. मिस्त्रीनं मान हलवली, राहू दे म्हणाला. त्यांना अजून पेटीतला वास होता.

त्या संध्याकाळी धाकट्याच्या घरून ताट आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही आलं नाही. मिस्त्री स्वतः तवा ठेवायचा आणि उभ्याउभ्याच खायचा, बसून खाण्याइतकं ते जेवण नव्हतं. आपल्या पाळीला तो विहिरीवर गेला, डबा भरल्यावर पंप बंद केला, वांग्याच्या सऱ्या तशाच तहानलेल्या ठेवल्या. वांग्याची पानं दुपारी आजारी वासराच्या कानांसारखी लोंबायची आणि सकाळी पुन्हा थोडी उभी राहायची. त्यानं भरलेला डबा तुतीच्या मोठ्या खुंटाच्या बुडाशी ओतला, कारण हौदात परत ओतायचं त्याच्या जिवावर आलं. मग डबा चौथऱ्यावर पालथा घातला. दुसऱ्या दिवशी वहिनीनं तसंच केलं. खुंटाला बोटभर दोन कोंब फुटलेले तिनं त्याला दाखवले. पुढं ते वाढून प्लेटांवर सावली पाडतील, मग पुन्हा छाटावे लागतील, असं मिस्त्री म्हणाला. वहिनी म्हणाली, पाडतील तेव्हा बघू. तिचे आणखी आठ वाफे भिजले होते. उरलेला कांदा पुढच्या फेरीला भिजला तर हाती येणार होता, नाहीतर पात पिवळी पडायला लागली होतीच.

पुढची फेरी धाकट्यापासून सुरू व्हायची होती. सगळं त्याच्यावर होतं. त्यानं दिवसभर ओढलं तर दोघांच्या दोन पाळ्यांचं राखलेलं पाणी एका दिवसात टोमॅटोला जाणार आणि वहिनीच्या पाळीला लाल दिवा लागणार.

त्या दिवशी मिस्त्रीनं ठरवलं की विहिरीवर जायचं नाही. राखणीला माणूस उभा करून पाळलेली पाळी ही पाळी नव्हे, हे त्याला कळत होतं. चादरींनी सूर्य एकदाच झाकता येतो. तो घरात बसला. चूल सारवली, नसलेला पसारा आवरला, मुलीला फोन केला. मुलीनं खोकला कसा आहे विचारलं. कमी आहे, तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. काळं यायचं थांबलं होतं. मुलगी खूश झाली. पाण्याचं तिला त्यानं काही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटलं.

ऊन डोक्यावर आलं. डबा आता भरला असेल. पूर्वी असतं तर इथं बसल्या जागी कळलं असतं. इंजिन थांबलं की सगळ्या शिवाराला कळायचं, या घरातल्या तव्यालाही कळायचं. आता पंप चालू आहे की बंद, हे सांगणारं काहीच नव्हतं. मिस्त्री दारात उभा राहिला, कान देऊन. एक कावळा ओरडला. कुणाची तरी म्हैस पाण्यासाठी हंबरली. बाकी सगळं शांत होतं आणि त्या शांततेचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागत होता.

उन्हं कलेपर्यंत त्यानं धीर धरला. मग वहाणा घातल्या आणि निघाला. मध्ये दोनदा दम लागला म्हणून थांबावं लागलं. टोमॅटोचं शेत वाटेतच होतं. धाकटा तिथं नव्हता. अर्ध्या सऱ्या ओल्या होत्या. उरलेल्या कोरड्या, आणि त्या कोरड्या सऱ्यांमधली काही फुलं खाली पडलेली होती. मिस्त्रीनं वाकून एक फूल उचललं, आणि त्याचं काय करायचं ते न कळून पुन्हा तिथंच ठेवलं.

विहिरीवर कुणी नव्हतं. प्लेटांवर चांगलं झगझगीत ऊन होतं, अजून दोन तास तरी पंप चालला असता. बटण बंद होतं. हौदाच्या काठावर चिखलाच्या पायांचे ठसे वाळत आले होते. तुतीच्या खुंटाभोवतीची माती काळीभोर ओली झाली होती, आणि चौथऱ्यावर, रोजच्या जागी, डबा पालथा होता.

मिस्त्रीनं विहिरीत पाहिलं. एकोणिसावी पायरी. रात्रीतून पाणी आणखी वर येणार होतं.

त्यानं डबा उचलून पाहिला, तो आतून ओला होता. पुन्हा तसाच पालथा घातला. उद्या त्याची पाळी, परवा वहिनीची. धाकट्याच्या घरी जावं, असं त्याला फार वाटलं. जाऊन काही बोलायचं नाही, नुसतं उंबऱ्यावर बसायचं. पण झडलेल्या फुलांचा माणूस आज आपलं तोंड बघायला तयार नसेल, हेही त्याला दिसत होतं. वहिनीला सांगावं, तर ती परवा स्वतःच बघणार होती. ज्या एका बाईला हे आवाजावरून आपोआप कळलं असतं, तिला सांगायची आता सोय नव्हती.

तो घराकडं वळला. बांधावरून येताना सवयीनं मनात आलं, पंप बंद झाला, आता तवा ठेवला असेल. या वेळी ते मनातून घालवण्यासाठी त्यानं काही केलं नाही. ते तसंच सोबत घेऊन तो दारापर्यंत चालत आला, कडी काढली आणि चुलीत जाळ केला.